आधी सांगायचं, मग फासा

पितळेच्या परातीत वीस बाजूंचा फासा पडतो तेव्हा आधी एक खणखणीत ठणका उमटतो. मग परातीच्या कडेकडेने घरंगळण्याची लांबत जाणारी घरघर. आणि सगळ्यात शेवटी, कोणत्या बाजूवर बसावे हे फाशाचे ठरेपर्यंत, दोन-तीन दबक्या टिचक्या. त्या टिचक्यांपाशी आमच्या घरातली माणसे श्वास रोखून बसत. एरवी त्या परातीत तांदळाचे पीठ मळले जाई, आणि खेळाच्या दुपारी ती घासून पुसून जमिनीवर मांडली जाई. लेकीने परातीऐवजी मखमलीच्या अस्तराचा एक छोटा ट्रे मागवला होता. तो कोणालाच आवडला नाही, कारण त्यात फासा मुका पडे.

आम्ही खेडला राहतो. यजमान पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून निवृत्त झाले, अलोऱ्याच्या वसाहतीतले क्वार्टर सुटले, आणि आम्ही त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या या कौलारू घरात आलो. मी महाविद्यालयात कविता शिकवते. लेक पुण्यातल्या एका संगणक कंपनीत नोकरी करते. महासाथीत घरी आली, घरूनच काम करू लागली, आणि साथ ओसरल्यावरही राहिली. घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ राहते. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, मुंबईत एका कंपनीची गाडी चालवतात. आमच्याच पट्ट्यातल्या माणसांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत त्यांची एक खाट आहे. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात, आणि परत निघताना दर वेळी सांगतात की पुढच्या वर्षी तुला नेतो. लग्न झाल्यापासूनचे प्रत्येक वर्ष असे पुढचे निघत गेले होते.

खेळाची ओळख मला भिंतीपलीकडून झाली. रविवारी दुपारी लेकीच्या बंद दाराआडून आवाज येई. तो तिचाच असे आणि तिचा नसेही. घोगरा, जाड, जणू घशात खडी भरलेली. एकदा तो आवाज कोणाला तरी इंग्रजीतून बजावत होता की याला सोडा, याचा जीव घ्यायचा हक्क माझा आहे. मी पिठाच्या हातांनीच दार ढकलले. लेक कानांवर हेडफोन चढवून मांडी घालून बसली होती आणि पडद्यावरच्या चौकटींतून तिचे मित्रमैत्रिणी माझ्याकडे पाहत होते. त्यांतल्या एका दाढीवाल्याने डोक्याला पुठ्ठ्याची शिंगे बांधली होती. त्याने मला अदबीने नमस्कार केला.

लेकीने समजावून सांगितले. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. सांगणारा एका वळणाशी थांबतो आणि विचारतो, तू काय करतेस? मग तुम्ही काय करता ते सांगायचे, आणि फासा टाकून ते जमते की फसते ते पाहायचे. मी विचारले, म्हणजे नाटक का. नाटकात संवाद आधी लिहून ठेवलेले असतात, ती म्हणाली. मग कीर्तन. कीर्तनात समोर बसलेली माणसे मध्येच उठून आख्यानातल्या राक्षसाला शिवी देत नाहीत, आई.

नातेवाइकांत या खेळाविषयी एकमत होते. गणपतीला आलेल्या एका आत्याबाईंनी ते मोदकाच्या सारणासारखे गोड करून मांडले: एवढी शिकलेली पोर, अजून भातुकली खेळते, म्हणजे मन निर्मळ आहे हो. माझे स्वतःचे मतही फारसे उदार नव्हते. यंत्रांनी माणसाच्या तोंडची गोष्ट काढून घेतली, असे मी वर्गात दरसाल सांगत आले होते. आणि इथे, त्याच यंत्राच्या उजेडात, वेगवेगळ्या शहरांत बसलेली काही तरुण माणसे तासन्‌तास एकमेकांना तोंडी गोष्ट सांगत होती. कुठेही न छापलेली, पुन्हा तशीच कधी न घडणारी. त्यानंतर वर्गात ते वाक्य उच्चारताना माझी जीभ जड होऊ लागली.

मग रस्त्याच्या कामात इंटरनेटची वायर तुटली. जोडणारा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. कंपनीच्या कामासाठी लेक एका मैत्रिणीच्या घरी जाऊन बसे, पण रविवार मोकळा आणि उदास झाला. अशाच एका रविवारी ती फाशांची पुरचुंडी घेऊन ओटीवर आली आणि म्हणाली, तुम्हीच खेळा आता.

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. मी तपासायचे पेपर बाजूला सारले. जाऊ मागल्या दारातून आत येत होती. तिला लेकीने हाताला धरून बसवले. ती खेडाबाहेरच्या एका रोपवाटिकेत काजू-आंब्याची कलमे बांधायला जाते. तिच्या बोटांना चिकाचा तुरट, किंचित जळका वास असतो आणि पदराच्या टोकाला नेहमी प्लॅस्टिकच्या पट्टीचा एखादा तुकडा चिकटलेला. भावोजी समोर बसलेले पाहून ती आधी उठू लागली. थोरल्या दिरासमोर ती बसत नसे, बोलायचे तर माझ्याकडे पाहून बोले. लेक म्हणाली, काकी, इथे बाबा बाबा नाहीत, ते कोणीतरी वेगळेच आहेत. जाऊ भिंतीला टेकून अर्धवट बसली.

पहिली गोष्ट लेकीच्या मित्रांच्या पठडीतली होती: बर्फाळ डोंगर, गढी, गढीखाली भुयार, भुयारात ड्रॅगन. बर्फ आमच्यापैकी कोणालाच दिसेना. भुयार मात्र यजमानांना फारच दिसले. नोकरीभर ते डोंगराच्या पोटात जात-येत राहिले होते; ड्रॅगनपेक्षा त्यांना वेगळीच काळजी लागली.

“ह्या भुयाराला हवा कुठून येते?”

“बाबा, जादूचं भुयार आहे.”

“असू दे की. तुझा तो प्राणी श्वास घेतो ना? मग हवेची वाट असणारच. आम्ही त्या वाटेनं शिरतो.”

लेकीने आपली वही चाळली. मग तिने मान्य केले की हवेची वाट आहे, आणि तिने रात्रभर जागून आखलेला पुढचा दरवाजा, त्यावरचे कोडे आणि पहारेकरी, सगळे एका वाक्यात वाया गेले. मी खेळात गाणारी बाई झाले होते. माझी पाळी आली की मी अंधाराचे वर्णन सुरू करी. लेक एकदा म्हणाली, आई, तुझी उपमा संपेपर्यंत राक्षस म्हातारपणानं जाईल.

जाऊची पाळी आली. लेकीने विचारले, “काकी, समोर दोन वाटा आहेत. तू काय करतेस?”

“इचारून सांगते,” जाऊ म्हणाली.

आम्ही हसलो. तिला हसण्याचे कारण कळले नाही. तिच्या जगण्यात ते वाक्य मिठासारखे होते. बचतगटात जायचे का, डोळे तपासायचे का, भाचीच्या साखरपुड्याला कोणते लुगडे द्यायचे, सगळ्याला ती आधी म्हणे, इचारून सांगते. मग संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मुंबईला फोन लावी. दीरही भले माणूस. तेही म्हणत, दादाला विचार. मग दादा, म्हणजे आमचे यजमान, वर्तमानपत्रामागून म्हणत, ज्याचं त्यानं ठरवावं. असा प्रश्न फिरून पुन्हा तिच्याच पदरात पडे, आणि तोवर साखरपुडा होऊन गेलेला असे.

त्या दिवशी मुंबईला विचारता येईना, म्हणून तिने दुसरा उपाय केला. फासा उचलला, कपाळाला लावला, डोळे मिटून पुटपुटली आणि परातीत सोडला. सतरा पडले.

“उजवी वाट,” ती समाधानाने म्हणाली.

ही चूक आमच्या मुलखातल्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. आमच्या मूळ गावी देवळात कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, माणूस हात जोडून आपला प्रश्न मांडतो, आणि मग सगळे वाट पाहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शेत विकायचे का, मुलीचे लग्न या घरात करायचे का, सारे तिथे विचारले जाते. जाऊने फाशाला कौल लावला होता. पण खेळाची रीत नेमकी उलटी होती, आणि लेकीने ती हळू आवाजात, चिडवल्यासारखे न वाटेल असे सांगितली: काय करायचे ते फासा सांगत नाही, काकी. ते तू सांगायचे. आधी सांगायचे, मग फासा. तू जे करतेस ते कसे होते, एवढेच त्याच्या हातात.

जाऊने फासा तळहातावर धरून पाहिला. “मग ह्याचा उपेग काय?” ती म्हणाली.

पुढच्या रविवारांसाठी लेकीने बर्फ सोडून दिला आणि आमचाच मुलूख घेतला. रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, काळ्या-तांबड्या कातळात जुन्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. तिची गोष्ट अशी सुरू झाली: एका सकाळी सड्यावरचा कोरलेला हत्ती जागेवर नाही. कातळात नुसती त्याच्या आकाराची खाच आहे, खाचेत दवाचे पाणी, आणि पाण्यावर गवताचे कुसळ. हे ऐकताना माझ्या तळपायांना कातळाची ऊब जाणवली. यजमानांनी विचारले की एवढ्या दगडाचे वजन ओढ्यावरच्या साकवाला पेलेल का. जाऊ पहिल्यांदाच भिंतीचा टेका सोडून पुढे सरकली.

हत्तीचा माग काढत आम्ही कितीतरी दुपारी चाललो. खेळातल्या एका ओढ्यावर यजमानांचा पाय घसरला, तेव्हा जाऊ एकदम म्हणाली, “मी त्यांना हात धरून वर ओढते.” आणि लगेच पदर सावरत माझ्याकडे वळली: “भावोजींना नाय हां ताई, त्यांच्या त्या माणसाला.” यजमान लाजले. मी त्यांना लाजताना फार वर्षांनी पाहिले. वायर दरम्यान जोडली गेली होती. लेकीचे मित्र पुन्हा पडद्यावर आले होते. पण तिने त्यांचा खेळ शनिवारी नेला आणि रविवार आमचा ठेवला.

याच दिवसांत मुंबईहून तो फोन आला. दिरांना नालासोपाऱ्याला एक खोली मिळत होती. भाड्याची, पण दोघांची. दिवाळीपर्यंत ये, ते म्हणाले. ज्या पुढच्या वर्षाची तिने इतकी वाट पाहिली ते दारात येऊन उभे राहिले. आणि त्याच आठवड्यात रोपवाटिकेच्या मालकाने तिला बोलावून सांगितले की कलमांची शेड आता तू सांभाळ. बाया तुझे ऐकतात, तुझी कलमे जगतात. धंदा वाढतोय, तो म्हणाला. रोपे चिपळूण-गुहागरपर्यंत पोचवायला टेम्पो घेतलाय, त्याला भरवशाचा चालक मिळत नाही, निदान शेडची तरी माझी काळजी मिटू दे.

हे सगळे तिने मला तांदूळ निवडता निवडता सांगितले. सुपातला खडा बाजूला काढावा तशी एकेक गोष्ट वेगळी करून. मग सूप हलायचे थांबले. नवऱ्यापाशी राहायचे नाही असे कोणत्या तोंडाने म्हणू, ती म्हणाली. आणि त्या खोलीत दिवसभर भिंतींकडे बघत मी काय बांधू? “ताई, माझ्या हाताला काय तरी चिकटलेलं लागतं गो.”

मला दोन्ही बाजूंच्या उपमा सुचत होत्या, आणि उपमांनी कोणाचे घर चालत नाही. मी तिला एवढेच म्हटले की घाई करू नकोस.

त्या रविवारी हत्ती सापडला. लेकीने त्याला खाडीच्या काठावर उभे केले होते. पाण्याला जेमतेम लागलेली सोंड, पाठीवर शेवाळ, आणि जवळ होडी घेऊन उभा एक तरवाला, जो सांगत होता की हत्तीला पलीकडे नेऊन सोडा किंवा परत कातळात घालवा. इथे काठावर ठेवता येणार नाही. मला ते ऐकून लेकीचा थोडा राग आला. काकीचा प्रश्न तिला ठाऊक होता. पण तिच्या चेहऱ्यावर नवलच दिसत होते. ही गोष्ट तिने फोन येण्याच्या आधीच रचून ठेवली होती, हे तिने मला नंतर सांगितले, आणि ती मला खोटे सांगत नाही.

“तू काय करतेस, काकी?”

जाऊचा हात फाशाकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिने तो मांडीवर परत घेतला. बाहेर कोणीतरी नारळाच्या झापा ओढत नेत होते.

“हत्ती इथवर कशाला आला, ता कोणी इचारलंय काय त्याला?” ती म्हणाली. “तहान लागली असंल. वर सड्यावर पाणी कुठाय? मी त्याच्या खाचेजवळ तळं खणते. मग तो आपला आपण जाईल.”

तरवाल्याने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. लेकीने वहीचे पान उलटले, पुन्हा मागे घेतले, आणि शेवटी वही मिटली. “टाक फासा,” ती म्हणाली.

दोन पडले. विसांतले दोन म्हणजे पुरती फजिती. पहार कातळावर आपटून मोडली, तळे झाले नाही. आम्ही हळहळलो. जाऊ मात्र परातीकडे वाकून पाहत राहिली, जणू अजून काही पडायचे बाकी आहे.

“मग? खेळ संपला?” तिने विचारले.

“संपला कशानं? पहार मोडली. तू तिथंच आहेस, हत्तीही आहे.”

“मग भावोजींना सांगते,” ती सरळ यजमानांकडे पाहून म्हणाली, “पाणी कुठून आणायचं ता तुमी सांगा. तुमचं काम ता.” आणि यजमानांनी, ज्यांनी आयुष्यभर डोंगराच्या या बाजूला पाणी उतरताना पाहिले होते, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पाट काढायला घेतला.

खेळातले प्रश्न दुपारी सुटतात. घरातले तसेच राहतात. दिवाळी जवळ येत होती. दिरांचा फोन रोज येई, आवाजात उतावीळ गोडवा असे; खोलीला खिडकी आहे, ते सांगत. अखेर यजमान म्हणाले, गावी जाऊन कौल लावू. लेक उसळली. तिचे म्हणणे होते की काकीच्या आयुष्याचा निकाल दोन पाकळ्यांवर कशाला. यजमान शांतपणे म्हणाले की एकट्या माणसाला ओझे जड झाले की ते देवीपुढे उतरवून ठेवण्यात कमीपणा नाही. आमच्या आईनेही असेच ठेवले होते, ते म्हणाले. मला दोघांचेही पटत होते. जाऊला विचारले, तर तिने देवीला जाऊया असे म्हटले.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही गेलो. देवळात तेलाचा, ओल्या दगडाचा आणि आदल्या दिवशीच्या फुलांचा वास होता; गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर पाय ठेवताच थंडावा घोट्यांपर्यंत चढला. गुरव म्हातारा, हळू हालचालींचा. त्याने पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एकेक निथळून घेतली आणि नारळ ठेवून घेत जाऊकडे वळला. काय विचारायचे ते मोकळ्या मनाने सांग, बाय, तो म्हणाला.

यजमानांनी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडले. गुरवाने हाताने थांबवले. ज्याचे त्याने बोलावे लागते.

जाऊ हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलले. मुंबईला जाऊ की इथे राहू, एवढेच म्हणायचे होते. तिने ते वाटेत एस.टी.तही माझ्याजवळ म्हणून पाहिले होते. पण ते वाक्य बाहेर आले नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर भीती नव्हती. आपण घातलेला टाका उसवून पुन्हा पाहणाऱ्या बाईसारखी ती स्वतःच्याच प्रश्नाकडे पाहत होती.

“वाईच थांबा,” ती गुरवाला म्हणाली. “माझं इचारायचं अजून नीट झालं नाय.”

गुरवाने मान हलवली, जणू असे रोजच होते. पाकळ्या त्याने पुन्हा पाण्यात सोडल्या. यजमान गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. जाऊने देवीपुढे डोके टेकले, जरा जास्तच वेळ टेकले, आणि ती बाहेर आली.

मी तिच्या मागोमाग पायऱ्यांवर आले. ऊन सरळ फरशीवर पडले होते आणि चिरे तापू लागले होते. सभामंडपाच्या खांबाला टेकून तिने पदराच्या गाठीतून फोन काढला. तिचा अंगठा नेहमीच्या क्रमांकावर गेला. तिकडे, त्या दुसऱ्या टोकाला, गाडी चालवणारा एक भला माणूस होता, आणि इकडे एका टेम्पोला चालक मिळत नव्हता. हे दोन धागे इतके दिवस माझ्यासमोर पडलेले असून मी ते जवळ आणले नव्हते. तिने आणले होते, हे मला तेव्हाही कळले नाही. मला वाटले, नेहमीसारखाच फोन. घंटा वाजू लागली होती, ती मलाही ऐकू येत होती.

“मुंबईला विचारतेस?” मी म्हटले.

तिने मान हलवून नाही म्हटले. फोन कानाला तसाच होता. चिकाच्या डागांची बोटे खांबाच्या दगडावर घट्ट टेकलेली होती. माझ्याकडे वळून ती म्हणाली,

“बोलावते.”